सायकलीचा मागचा दिवा



वर्षावासात आमच्या विहारात रोज रात्री ग्रंथवाचन असते. वाचन आटोपून चहा होईपर्यंत साडेनऊ वाजतात. मग ज्यांची घरे लांब आहेत ते लेकराला दांडीवर आणि बायकोला कॅरिअरवर बसवून सायकलीने निघतात. समोरून गाडी आली तर तिचा उजेड दिसतो, माणूस कडेला होतो. पण मागून येणारी गाडी आपल्याला दिसत नाही आणि पावसात तिच्या ड्रायव्हरला आपण दिसत नाही. म्हणून माझे मत असे की, एकच दिवा परवडत असेल तर तो मागे लावावा.

हे मी उशिरा शिकलो. मी रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करणारा माणूस. मोंढ्यात हमाली करणारे आमच्या वस्तीतले एक मामा दोन वर्षांपूर्वी सायकलीचा डायनामो आणि मागचा दिवा माझ्याकडे टाकून गेले. "दादा, घाई नाही, सवडीनं करा," म्हणाले. मी खरेच सवडीने घेतले. आठ दिवस तो डायनामो माझ्या फळीवर पडून होता. नवव्या दिवशी रात्री मोंढ्यातून परतताना उसाच्या रिकाम्या ट्रॉलीने त्यांना मागून उडवले. मांडीचे हाड मोडले. ट्रॅक्टरवाला पळून गेला नाही, त्यानेच दवाखान्यात नेले. "दिसलेच नाहीत हो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मामा वाचले, पण क्विंटलचे पोते उचलणारी ती पाठ आता घरी बसली आहे. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

डायनामो दुरुस्त केला असता तरी तो पुरा पडला असता असे नाही. डायनामो चाकाला घासून वीज तयार करतो. चढावर सायकल हळू झाली की दिवा मंद होतो, चेन पडली म्हणून थांबलात की विझतो. नेमका तेव्हाच तो हवा असतो. पूर्वी बिनदिव्याच्या सायकलीला पोलीस अडवीत, म्हणून लोक घासलेटची बत्ती तरी लावत. तो धाक गेला, बत्त्याही गेल्या. इकडे नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढला आहे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांतल्या कित्येकांना स्वतःलाच मागे दिवा नसतो.

तेव्हा सेलवर चालणारा, उघडझाप करणारा लाल दिवा घरीच करावा. उघडझापच का? रस्त्यावर स्थिर दिवे पुष्कळ असतात, खांबाचे, दुकानांचे. त्यांत लुकलुकणाऱ्या दिव्याकडे नजर आपोआप जाते.

सामान थोडे आहे. बीसी ५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, दोन लाल एलईडी, ४७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर (पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी), २२० ओहमचे दोन (तांबडा, तांबडा, तपकिरी), तीन पेन्सिल सेल, त्यांचा डबा आणि एक लहान बटण. सेलसकट शंभर रुपयांच्या आत बसते. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका, ती महाग पडते आणि लवकर बसते.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले की डावा पाय कलेक्टर, मधला बेस, उजवा एमिटर. दोघांचेही एमिटर सेलच्या वजा टोकाला जोडा. प्रत्येकाच्या बेसपासून १० किलोओहमचा रेझिस्टर अधिक टोकाला न्या. अधिक टोकापासूनच २२० ओहमचा रेझिस्टर, त्याला एलईडीचा लांब पाय, आणि एलईडीचा आखूड पाय कलेक्टरला. असे दोन्हीकडे. राहिले कपॅसिटर, ते तिरपे जोडायचे. पहिल्याच्या कलेक्टरपासून दुसऱ्याच्या बेसला एक, दुसऱ्याच्या कलेक्टरपासून पहिल्याच्या बेसला दुसरा. कपॅसिटरच्या अंगावर पट्टी असते ती वजा बाजू, ती बेसकडे ठेवा. बटण अधिकच्या तारेत घाला.

आत काय चालते? एक ट्रान्झिस्टर चालू झाला की तो कपॅसिटरमधून दुसऱ्याला बंद पाडतो. कपॅसिटर रेझिस्टरमधून हळूहळू भरला की दुसरा जागा होतो आणि पहिल्याला झोपवतो. आपल्या मापाने प्रत्येक दिवा मिनिटाला सुमारे ९० वेळा लागतो. फार घाईचे वाटले तर १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घाला, वेग निम्म्यावर येईल. ही जोडणी आब्राहम आणि ब्लोक या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९१९ साली प्रसिद्ध केली. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हता, काचेचे व्हॉल्व्ह होते. लाल एलईडी तर १९६२ सालची.

दोन्ही दिवे सतत जळत राहिले तर कपॅसिटरचे टाके तपासा. टाके ठीक असतील तर बटण बंद करून झटक्यात पुन्हा लावा, कधी कधी जोडी सुरुवातीलाच अडते. एकच दिवा लागत नसेल तर बहुधा एलईडी उलटी बसली आहे.

हे सगळे प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत बसते. पत्र्याची डबी नको, पाय टेकून शॉर्ट होते. एलईडीपुरती दोन भोके पाडा आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून झाकणाच्या फटीवर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवा. जास्त उजेडाच्या पारदर्शक एलईडीचा झोत अरुंद असतो, तेव्हा तिचे टोक पॉलिश पेपरवर हलके घासावे म्हणजे उजेड पसरतो. डबी सीटखाली सरळ मागे तोंड करून बांधा. लाल दिवा पुढे कधीही लावू नका, समोरून येणाऱ्याची फसगत होते.

पहिला दिवा मी केला. दुसरा मामांच्या मुलीने केला. ती लातूरला शिकते आणि क्लासला सायकलने जाते. सोल्डरिंगचा पहिला चटका बसला तेव्हा तिची आई म्हणाली, "अगं, करंटचं काम पोरींचं नाही." मी म्हणालो, "ताई, तीन सेलांचा शॉक बसत नाही." वीज म्हटली की आपल्या माणसांच्या वाट्याला खांबाचे खड्डे खणणे आले, आतली जोडणी दुसऱ्यांकडे राहिली. आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना देशाच्या विजेचे धोरण बघत होते ते आपले बाबासाहेबच! मुलगी हसली आणि पुढचा टाका मारला.

साध्या सेलवर रोज तासभर लावला तर महिना सहज निघतो. उजेड हळूहळू उतरतो, त्यामुळे चालवणाऱ्याला ते कळत नाही. ती मुलगी सेल घातल्याची तारीख डबीच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवते. तुम्हीही लिहा. बीसी ५४७ मिळाला नाही तर बीसी ५४८ घ्या, त्याचे पाय तसेच आहेत.