शोकाला पात्रतेची अट

परभणी जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली, की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती तो मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. जमीन कुणाच्या नावे, कर्ज बँकेचे की बिनपरवाना सावकाराचे, वसुलीचा तगादा होता काय, याचे कागद बहुधा विधवेनेच जमवावयाचे. 2006 च्या शासननिर्णयाने मदत ठरवली ती 1 लाखाची: 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. मनाचा रकाना त्यात नाही.

सहा महिने उलटूनही न ओसरणाऱ्या, जगणेच थांबवणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 2022 पासून स्वतंत्र विकार म्हणून स्थान आहे. अमेरिकेतील कॅथरिन शिअर यांची उपचारपद्धती सुमारे 16 बैठकांची. मृत्यूची हकीकत पुन्हा पुन्हा सांगावयाची, टाळलेल्या जागी हळूहळू जावयाचे, पुढल्या आयुष्याचा विचार करावयाचा. 2016 च्या चाचणीत नैराश्यावरील गोळीने त्या शोकात विशेष भर घातली नाही. उपयोग झाला तो बैठकांचा.

येथील विधवाही हकीकत अनेकदा सांगते, पण ती पोलिसांना, तलाठ्याला, बँकेला, जबाब म्हणून. आणि ज्या विहिरीकडे पाहवत नाही, तिच्याच काठी तिला दुसऱ्या आठवड्यात कामाला उभे राहावे लागते. याला कुणी उपचार म्हणू नये!

शासनाने 2015 साली मराठवाडा-विदर्भाच्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. खचलेला शेतकरी ‘आशा’ कार्यकर्तीने घरोघर शोधावा, ही कल्पना योग्यच. पण मागे उरलेल्यांचे काय? पंचनाम्यानंतर वर्षभर प्रशिक्षित परिचारिकेच्या भेटी, निकाल पात्र लागो वा अपात्र, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेपुढे मांडली पाहिजे. मात्र तो भार ‘आशां’च्या तुटपुंज्या मानधनावर लादू नये.