शिलाईचे एवढे?

गेल्या आठवड्यात हापिसात चहाच्या वेळी लेकीचे फोटो दाखवत होतो. मुंबईच्या कॉमिक कॉनला ती राजकन्या होऊन गेली होती, निळा, जमिनीपर्यंत घेरदार बॉलगाऊन घालून. कौतुक झालं. मग एकाने विचारलं, "कुठून मागवलास?" म्हटलं, मुरबाडला शिवून घेतला. पुढचा प्रश्न अर्थातच किमतीचा. कापड वेगळं, नुसती शिलाई चार हजार. क्षणभर शांतता, आणि मग ते अजरामर वाक्य : "शिलाईचे एवढे? मुरबाडमध्ये?"

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. आधीच कबूल करून टाकतो, दोन महिन्यांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः बोललो होतो. तेही शिवणाऱ्या ताईंच्या तोंडावर.

आमचं घर शहापूरचं, मावशी मुरबाडला. मावशीच्या शेजारच्या ताई शिवण करतात. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म. एका रविवारी लेकीला घेऊन शहापूरहून किन्हवली-सरळगाव करत तिकडे गेलो आणि मोबाईलवर गाऊनचं चित्र दाखवलं. ताईंनी ते मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "मागून कसाय?"

मागून? इंटरनेटवर शेकडो चित्रं पाहिली होती आम्ही, पण मागची बाजू एकातही धड नव्हती. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मला जो प्रश्न सुचला नाही तो त्यांनी दहा सेकंदांत विचारला. आमच्याकडे याला रिक्वायरमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवतात.

मग म्हणाल्या, "वरचं प्रिन्सेस कट आहे, ते येतं मला. खालचं बघू."

इथे जरा थांबा. प्रिन्सेस कट ब्लाऊज गावोगावच्या ताई शिवतात. टक वेगळे न घालता त्यांचा आकार उभ्या लांब शिवणीतच मुरवायचा, ही त्यातली खुबी. ही पद्धत १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या शिंप्याने लोकप्रिय केली आणि वेल्सची राजकन्या अलेक्झांड्रा हिच्यावरून तिला हे नाव पडलं असं मानतात. म्हणजे राजकन्या मुरबाडला कधीच पोचली होती. आम्हालाच पत्ता नव्हता :)

ताईंनी शिलाई सांगितली चार हजार. मी म्हटलं, "ताई, शिलाईचे एवढे?" आणि घासाघीस करून अडीच हजारांवर आणलं. गाडीत बसताना मला चक्क जिंकल्यासारखं वाटत होतं.

पुढचे दोन वीकान्त लेकीच्या ट्रायलसाठी मुरबाडला गेले. मी तिथे बसून होतो आणि इंजिनिअर असल्याने हिशेब करायची खोड आहे. कंबर २४ इंच. पूर्ण गोल घेर कापायचा तर कंबरेच्या गोलाची त्रिज्या २४ भागिले दोन पाय, म्हणजे जेमतेम पावणेचार इंच. खाली ३४ इंच लांबी. खालच्या कडेचा परीघ आला जवळजवळ सहा मीटर. पाचवारी साडीपेक्षा लांब कड, तीही गोल, दुमडताना पदोपदी गोळा होणारी. ताईंनी कागदावर काही मांडलं नाही. टेप कंबरेच्या मापावर धरला, चौघडी घातलेल्या कापडाच्या कोपऱ्यातून खडू फिरवला आणि कापलं. बरोबर बसलं.

घेर फुगवायला आत जाळीचा कॅनकॅन. तीन थर, प्रत्येक थर वरच्याच्या दुप्पट. तीन, सहा, बारा. एकवीस मीटर जाळीच्या चुण्या, आणि जाळी सुईखालून सटकते. वरच्या भागाला ताठपणा हवा म्हणून मी केबल टाय नेऊन दिले (परदेशातले हौशी कॉस्प्लेवाले हेच वापरतात). ताईंनी त्यांची टोकं मेणबत्तीवर गोल केली, "पोरीला टोचतील" म्हणून. हे मी वाचलेल्या सूचनांत नव्हतं.

सगळं झाल्यावर मी न्यायला गेलो तर दिला नाही. "रात्रभर टांगते. उरेब भाग लोंबतो, मग कड सरळ करते." मी म्हटलं, आम्हाला चालेल तसाच. त्या म्हणाल्या, "मला नाही चालणार."

आता सांगा. डिझाईन, हिशेब, जोडणी, टेस्टिंग, आणि खराब माल हातातून जाऊ न देणं. याला आपण आपल्या धंद्यात काय म्हणतो आणि त्याचे किती घेतो? दहा दिवस, रोज चारेक तास. मी ठरवलेल्या दरात तासाला साडेबासष्ट रुपये. त्यांनी मागितलेले पूर्ण दिले असते तरी शंभर. क्लायंट जेव्हा म्हणतो की छोटासाच चेंज आहे, दोन ओळींचा, तेव्हा आपलं डोकं फिरतं. संध्याकाळी तेच आपण ब्लाऊज पुढे करून म्हणतो, "जरासं आत घ्यायचंय फक्त." त्या जरासाठी अस्तर उसवावं लागतं, हे आपल्या गावीही नसतं.

मुद्दे येतात ते ठरलेले. "ऑनलाईन अकराशेला मिळतो." मिळतो ना, जरूर घ्या. पण तयार मापाच्या मालाची किंमत सांगून मापाच्या कामाचा भाव पाडू नका. तयार सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून आपला पगार अर्धा करा असं कोणी म्हटलं तर चालेल?

"ही परक्या राजकन्यांची थेरं हवीत कशाला?" अहो, १९१६ साली 'स्वयंवर' नाटकात बालगंधर्व राजकन्या रुक्मिणी झाले आणि त्यांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करू लागल्या. वेश घालून दुसरं कोणी होण्याची हौस आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. वेश शिवणाऱ्याचं नाव न विचारण्याची सवयही जुनीच. आणि ती फक्त आपलीच नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यातला पोशाख घालून गेला, कॉस्प्लेचा आद्यपुरुष म्हणून गाजला. तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लसने. तीही स्वतः शिवलेला पोशाख घालून त्याच्या शेजारीच उभी होती. तिचं नाव किती जणांनी ऐकलंय?

सगळ्यात डोक्यात जाणारा मुद्दा : "घरबसल्या करतात, त्यांना काय!" २०२० पासून आपण सगळे घरबसल्याच करत होतो की. आपलं ते वर्क फ्रॉम होम, आणि ताईंचं ते फावल्या वेळचं?

आणि ते "मुरबाडमध्ये?" तर विचारूच नका. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात. या भागातून येईल ते स्वस्तच असायला हवं, हे आपण गृहीतच धरलंय. दोऱ्याचं रीळ, अस्तर, सुया मुरबाडच्या ताईंना काही निम्म्या भावात मिळत नाहीत.

कॉमिक कॉनला एक गोष्ट पाहिली. तिथली पोरं एकमेकांना "केवढ्याला?" विचारत नव्हती, "कसा केलास?" विचारत होती. माझ्या लेकीलाही विचारलं. तिने कॅनकॅनचे थर, केबल टाय, रात्रभर टांगणं सगळं सांगितलं आणि कोणी शिवला तेही सांगितलं. मी शेजारी उभा राहून अडीच हजारांचा विचार करत होतो.

पुढच्या रविवारी उरलेले दीडं हजार घेऊन मुरबाडला गेलो. ताईंनी घेतले, मोजले, मशीनच्या खणात ठेवले. "राहू द्या हो दादा" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. बरं झालं. म्हणाल्या असत्या तर मी उदार ठरलो असतो, आणि हे तर थकलेलं बिल होतं.

तेव्हा पुढच्या वेळी "शिलाईचे एवढे?" तोंडावर आलं की गिळा, आणि त्याऐवजी विचारा, "ताई, यात काम किती आहे?" उत्तर पूर्ण ऐका. मग हिंमत असेल तर घासाघीस करा.

असो. लेकीला पुढच्या वर्षी ड्रॅगन व्हायचंय. ताईंनी विचारलंय, शेपूट मागून कशी आहे.