बीप बंद केलात, पुढे काय?

काल ओळखीतल्या एकाच्या नव्या गाडीत बसलो. सनरूफ, मोठी स्क्रीन, सहा एअरबॅग, सगळं कौतुकानं दाखवलं. आणि बेल्टच्या खाचेत काय? ती चपटी क्लिप! बीप वाजू नये म्हणून. वर म्हणतो, "दादा, कामणहून चिंचोटीलाच तर जायचंय. खड्ड्यांत गाडी वीसनं चालते, बेल्ट कशाला?"

खड्ड्यांचं खरंय, त्यावर लिहून लिहून बोटं झिजली माझी. पण चिंचोटीला हायवे लागतो, काटा ऐंशीवर जातो, क्लिप तशीच. याच हायवेवर, आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज होती. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले.

एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे, बदली नाही. बेल्ट नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि फुगणारी बॅगच तोंडावर आदळते.

मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. १३,११८ नोंदी निघाल्या. दुकानात मात्र मागा, लगेच मिळते. बेल्ट न लावणाऱ्याला हजाराचा दंड, मग क्लिप विकणाऱ्याच्या दुकानात कोण जाणार? पोलिसांनी एकदा तरी जावं.

ती क्लिप उतरताना मी काढून आणलीय. टेबलावर आहे. ज्याची त्यानं घेऊन जावी, फक्त येताना वहिनींना सोबत आणावं.