सिगारेट सुटली, तरी तलफ का येते?

सिगारेट किंवा विडी सोडणाऱ्याचे पहिल्या आठवड्यात घरीदारी कौतुक होते. चिडचिड, झोपमोड, सतत काहीतरी चघळत राहणे हे सारे 'होणारच' म्हणून सगळे समजून घेतात. खरी अडचण पुढे येते. चार-सहा महिने लोटतात, खोकला थांबलेला असतो, जिना चढताना धाप लागेनाशी झालेली असते. आणि एखाद्या पावसाळी संध्याकाळी चहाचा कप हाती येताच जुनी तलफ उसळते. घरी सांगावे तर 'अजून तेच?' असा प्रश्न येतो. 'आपल्याला हे जमणारे नाही' असे ठरवून अनेकजण याच टप्प्यावर पुन्हा टपरी गाठतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

निकोटिन शरीरात फार काळ टिकत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मे होते आणि दोन-तीन दिवसांत ते जवळपास नाहीसे होते. सोडल्यावरचा शारीरिक त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो. बहुतेकांच्या बाबतीत तो दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत निकोटिनला प्रतिसाद देणारे ग्राही संख्येने वाढलेले असतात. सोडल्यानंतर सहा ते बारा आठवड्यांत ही संख्याही न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येते, असे मेंदूच्या चित्रणातून दिसले आहे. सहा महिन्यांनी येणाऱ्या तलफेचे खापर त्यामुळे रक्तातल्या निकोटिनवर फोडता येत नाही.

तिचे मूळ स्मृतीत आहे. झुरका घेतल्यापासून 10 ते 20 सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते आणि सुखद संवेदनेशी संबंधित डोपामिन स्रवते. दिवसाला 10 सिगारेटी आणि प्रत्येकीचे 10 झुरके धरले, तर 20 वर्षांत हा धडा सात लाखांहून अधिक वेळा गिरवला जातो. चहा, जेवणानंतरचा निवांतपणा, साहेबाचे बोलणे खाल्ल्यावरचा संताप, काडी पेटल्याचा वास, ठरावीक मित्र अशा प्रत्येक गोष्टीशी मेंदू सिगारेटची जोडी लावून ठेवतो. सवय मोडली म्हणून ही जोडी पुसली जात नाही; 'चहा घेतला, पण सिगारेट नाही' हा नवा धडा हळूहळू तिच्यावर चढतो. नेहमीच्या प्रसंगांत तो लवकर पक्का होतो. वर्षातून एकदाच येणारे लग्न, सहल किंवा अचानक कोसळलेले दुःख यांत मात्र जुनाच धडा आधी आठवतो. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर सिगारेटशी निगडित दृश्ये पाहून येणारी तलफ सातव्या दिवसापेक्षा 35व्या दिवशी अधिक तीव्र आढळली. एरवीची तलफ मात्र दिवसांगणिक कमी होत होती.

उशिरा येणारी ही तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात जागा बदलणे, पाणी पिणे, फेरी मारणे, कुणाला फोन करणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. 'एकच ओढतो' ही सवलत मात्र महागात पडते, कारण त्या एका सिगारेटीने जुना धडा पुन्हा ताजा होतो. निकोटिनचे च्युइंगगमही उपयोगी आहे, पण ते सुपारीसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चावून ते गालात धरून ठेवायचे असते आणि त्याआधी 15 मिनिटे चहा-कॉफी टाळायची असते. नाहीतर निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. तलफ वारंवार येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्याची औषधेही आहेत. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेल्या 1800-11-2356 या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. तो क्रमांक पाकिटावर असल्याने पाकीट टाकून दिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र उरत नाही.

सरकारचे कामही इथेच आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. तरीही टपरीवर सुटी सिगारेट मागितली की मिळते. काही मिनिटांच्या तलफेसाठी सोडलेला माणूस अख्खे पाकीट घेताना विचार करील. हातातल्या सुट्या पैशांत मिळणारी एक सिगारेट त्याला विचाराची सवडच देत नाही. ही बंदी नव्याने ओढू लागणाऱ्या मुलांइतकीच सोडू पाहणाऱ्यांसाठीही मोलाची आहे, म्हणून तिची अंमलबजावणी कागदावर राहणे परवडणारे नाही. व्यसनमुक्तीच्या मोहिमांनीही शपथ आणि पहिला महिना यांपाशी न थांबता सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा विचारपूस करायला हवी.

सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. अधूनमधून तलफ आली म्हणून ही कमाई वाया जात नाही. ती जाते पुन्हा ओढायला लागल्यावर. 'सुटली ना?' असे विचारून विषय संपवण्याऐवजी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी 'तलफ कधी येते?' असे विचारले, तर सोडलेल्या माणसाला ती लपवावी लागणार नाही आणि टपरीकडे वळण्याआधी तो मदत मागू शकेल.