रेषांचें रणांगण

खेळांत बंदूक दिसली कीं तो खेळ वाईट, आणि गणिताचीं कोडीं दिसलीं कीं तो चांगला, असा सोपा न्याय आपल्या घरोघरीं चालतो. हा न्याय कितपत टिकतो तें पाहण्यासाठीं यंत्रखेळांतील एक जुना नमुना या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहे. अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९८० सालीं काढलेला ‘बॅटलझोन’ हा तो खेळ. एड रॉटबर्ग या गृहस्थांनीं त्याची आज्ञावली लिहिली. नाणें टाकून उभ्यानें खेळावयाच्या मोठ्या पेटीच्या रूपानें तो प्रथम लोकांपुढें आला. माझ्या पाहण्यांत आला तो संगणकावर, नातवाच्या कृपेनें.

खेळणारा एका रणगाड्याच्या पोटांत बसला आहे अशी कल्पना. मूळ पेटीस पाणबुडीच्या परिदर्शकासारखा चष्मा होता. त्यास डोळे लावले म्हणजे काळोखांत हिरव्या रेषांनीं काढलेलें एक ओसाड मैदान दिसे. त्यावर इतस्ततः पडलेले घन व पिरॅमिड, क्षितिजावर डोंगर, एक ज्वालामुखी आणि वर चंद्रकोर. हें मैदान पृथ्वीवरचें कीं दुसऱ्या एखाद्या ग्रहावरचें, हें कोणी सांगत नाहीं. मधूनच एक उडती तबकडी कोणास इजा न करतां तेथून निघून जाते, एवढ्यावरून वाचकांनीं काय तें समजावें.

यांतील पहिला गुण दारिद्र्यांतून उपजलेला आहे. त्या काळच्या संगणकाची शक्ति तुटपुंजी. पृष्ठभाग रंगविणें त्यास झेपणारें नव्हतें. म्हणून वस्तूच्या फक्त कडा काढावयाच्या. चित्रनळींतील किरण एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ रेषा ओढतो, आणि रणगाडा पुढें सरकला कीं त्या सर्व रेषा यथादर्शनाच्या नियमाप्रमाणें क्षणोक्षणीं पुन्हा मांडल्या जातात. एवढें गणित मुख्य यंत्रास जड जाई, म्हणून त्यासाठीं वेगळें गणकमंडल जोडावें लागलें. फळ्यावर घन काढतांना मागची कड दिसावी कीं न दिसावी, यावर माझे विद्यार्थी नेहमीं अडत. येथें त्या मागच्या कडाही दिसतात, आणि चालत्या गाडींतून घन कसा फिरतो तें पाहून जी गोष्ट मुलास एका क्षणांत उमगते, ती समजावितांना माझा तासच्या तास खर्ची पडत असे.

दुसरा गुण हांकण्याचा. दोन हातांत दोन दांडे. एक डाव्या पट्ट्याचा, दुसरा उजव्याचा. दोन्ही पुढें रेटले कीं गाडी सरळ धांवते, एक पुढें व एक मागें केला कीं जागच्या जागीं गरकन् फिरते. आपल्या महाभारतांत रथी वेगळा आणि सारथी वेगळा. येथें दोन्ही कामें एकाच्याच माथीं. शिवाय आपला एक गोळा हवेंत असेपर्यंत दुसरा सोडतां येत नाहीं. नेम चुकला तर तो गोळा विरेपर्यंत शत्रूच्या तोंडासमोर हात चोळीत उभें राहावयाचें! भाराभर गोळ्या उधळण्याच्या अलीकडच्या खेळांपेक्षां हा संयम मला फार पसंत पडला.

ज्वालामुखीची हकीकत गंमतीची आहे. तो प्रथम निपचित होता. ओवेन रुबिन नांवाचे सहकारी तो पेटता करावा म्हणून रॉटबर्गांच्या मागें लागले, आणि शेवटीं ज्वाळांची आज्ञावली त्यांनीं स्वतःच लिहून दिली. डोंगरापलीकडे एक किल्ला असून तेथवर पोंचतां येतें अशी आवई खेळणाऱ्यांत उठली होती. वस्तुतः कितीही चाललें तरी डोंगर तेवढाच दूर.

आतां दोष. खेळास शेवट नाहीं. रणगाडा मारला कीं १,००० गुण, क्षेपणास्त्र पाडलें कीं २,०००, मोठा रणगाडा ३,००० आणि त्या निरुपद्रवी तबकडीस सर्वांत अधिक, ५,०००! ज्यानें कांहीं केलें नाहीं त्याच्यावरच सर्वांत मोठें बक्षीस, हा हिशेब मला मुळींच मान्य नाहीं. शत्रु बहुधा एका वेळीं एकच असतो, म्हणून त्याच्या खोडी एकदां कळल्या कीं पुढें तेंच तें. पाठीकडे घन आहे कीं मोकळी वाट आहे हें न कळल्यामुळें गाडी अडते, आणि कर्णाचें चाक रुतावें तशी ऐन वेळीं गत होते. सर्वांत मोठें व्यंग असें कीं त्या मैदानावर मित्र म्हणून कोणीच नाहीं. दिसेल तें लक्ष्य.

याच ठिकाणीं एक विचार करण्याजोगी गोष्ट घडली. अमेरिकेच्या सैन्यास हा खेळ आपल्या ‘ब्रॅडली’ नांवाच्या लढाऊ वाहनावरील गोलंदाजांच्या शिक्षणासाठीं बदलून हवा होता. रॉटबर्गांनीं त्यास स्पष्ट विरोध केला. आपली विद्या सैन्याच्या कामीं लावावयाची नाहीं असा त्यांचा निश्चय होता. अखेर, पुन्हा असलें काम सांगणार नाहीं असें वचन घेऊन त्यांनीं तें महिनोगणती राबून पुरें केलें. तयार झाले ते अवघे दोन नमुने. पुढें कारखाना काढण्याची वेळ आली नाहीं. त्या सैनिकी खेळांत मात्र आपलें वाहन कोणतें व परक्याचें कोणतें, हें गोळा सोडण्यापूर्वीं ओळखावें लागे. मनोरंजनाच्या खेळांत नसलेला विवेक युद्धाच्या खेळांत शिकवावा लागला! त्यासाठीं घडविलेली हाताची मूठ कंपनीनें पुढें १९८३ सालीं ‘स्टार वॉर्स’ या खेळांत वापरली.

रॉटबर्गांनीं काम मुळींच नाकारावयास हवें होतें असें कोणी म्हणेल. घरसंसार चालविणाऱ्या नोकरदार माणसास वरिष्ठांपुढें ‘नाहीं’ म्हणणें किती कठीण, हें आपल्यापैकीं अनेकांस ठाऊक आहे. त्यांनीं विरोध तोंडावर बोलून दाखविला आणि पुढची वाट बंद करून घेतली, हें मी थोडें मानीत नाहीं.

दहा-बारा वर्षांच्या मुलास हा खेळ दाखविण्यास हरकत नाहीं. मात्र वडील माणसानें शेजारीं बसावें, आणि वहींत तो पिरॅमिड मागच्या कडांसकट मुलाकडून काढवून घ्यावा. संगणकावर दांड्यांऐवजीं कळा दाबाव्या लागतात, त्यामुळें पहिले दोन-तीन दिवस गाडी वाटेल तिकडे भरकटते. तेवढा धीर धरावा.