घातपाती कोण आणि संपकरी कोण?

गाडी उलटवणाऱ्याची कड आम्ही घेणार नाही. 28 मे 2010 रोजी पश्चिम बंगालमध्ये रुळांशी घातपात झाला, मुंबईकडे येणारी ज्ञानेश्वरी एक्सप्रेस घसरली, तिच्यावर मालगाडी आदळली. दीडशेच्या आसपास जीव गेले. ती गाडी रायपूरवरूनच येते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ताडमेटल्यात 76 जवान मारले गेले. गरिबांच्या पोरांना मारून गरिबांचे राज्य येत नाही, हे आम्ही ठणकावून सांगतो.

पण सरकारने औषध कोणते काढले? 'पोटा' 2004 साली रद्द झाला, त्यातली दहशतवादाची कलमे 1967 च्या बेकायदा कृत्ये कायद्यात घुसवली. तेवढ्याने भागले नाही, म्हणून रायपूरला 2005 चा विशेष जनसुरक्षा कायदा आला. त्यातली बेकायदा कृत्याची व्याख्या बंधूंनी जरूर वाचावी. बॉम्ब, बंदूक आहेच, पण रेल्वे व रस्त्याची वाहतूक खंडित करणे आणि कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेही आहे! मग चक्का जाम कशात बसतो?

हा पोकळ बाऊ नव्हे. दल्ली राजहऱ्याच्या खाण कामगारांनी स्वतःच्या बळावर शहीद रुग्णालय उभारले, तेव्हा डॉ. विनायक सेन त्यांच्या सोबतीला होते. त्याच डॉक्टरांना 2007 साली पकडले आणि 24 डिसेंबर 2010 रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाखाली जन्मठेप ठोठावली. एप्रिल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन देताना बजावले की, सहानुभूती म्हणजे राजद्रोह नव्हे. तोवर तुरुंगात गेलेले दिवस कोण भरून देणार?

आपल्याला तर हा धडा जुनाच आहे. 19 सप्टेंबर 1968 च्या एका दिवसाच्या लाक्षणिक संपासाठी टपाल, तार, रेल्वे सगळ्यांवर वटहुकूम आला. 'मिसा' 1971 साली आला तो देशाच्या सुरक्षिततेचे नाव घेऊन; मे 1974 च्या संपात त्याच 'मिसा'खाली रेल्वे कामगार आत गेले. रात्री क्वार्टरवर पोलीस आले ते हेरांना शोधायला नव्हे!

आता महाराष्ट्राची पाळी. जुलै 2025 मध्ये तिथल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेही छत्तीसगढचा दाखला देऊन. नागपूर, भुसावळ, सोलापूरच्या शाखांनी त्याची मराठी प्रत मिळवावी, व्याख्येचे कलम ठळक अक्षरांत लिहून फलकावर लावावे आणि पुढच्या गेट मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवावे.