गंज, रंग आणि पाठभेद

जुने यंत्र दुरुस्त करणे आणि जुने यंत्र ‘नवे’ करणे ह्या दोन भिन्न कृती आहेत, हे मला धातू कापणारी एक जुनी बँडसॉ हाताळताना उमगले. तेही चूक करून झाल्यावर. घरामागच्या शेडसाठी ती मी भंगाराच्या भावाने घेतली होती. ओतीव लोखंडाची चौकट शाबूत, चाकांवर तांबेरा, गिअरबॉक्समधल्या तेलाचे डांबर झालेले.

बँडसॉची कल्पना जुनी. विल्यम न्यूबेरी ह्यांनी 1809 मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. पण चाकांवरून सतत वाकणारे पाते सांध्याशी तुटत असे, आणि टिकाऊ सांधा साधेपर्यंत एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. धातूसाठी वेगही उतरवावा लागतो. लाकूड कापणारे पाते मिनिटाला काही हजार फूट धावते. पोलादाला शंभर-दोनशे फूट पुष्कळ झाले. शिवाय कापल्या जाणाऱ्या जाडीत निदान तीन दाते एकाच वेळी असावेत, नाहीतर दाते झडतात.

गंज काढणे त्या मानाने सोपे होते. धुण्याच्या सोड्याचे पाणी, बॅटरी चार्जर, ऋण टोकाला गंजका भाग, धन टोकाला टाकाऊ लोखंडी पत्रा (स्टेनलेस मात्र नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात). सकाळपर्यंत गंज ब्रशने निघून येतो.

चूक घडली ती चौकटीवर. पात्याचा ताण देणाऱ्या स्क्रूजवळ तीन ओरखडे होते. मी लांबी भरली, घासले, ऑइलपेंटचे दोन हात दिले. येणाऱ्याजाणाऱ्याने वाखाणले. पण कापायला घेतले की पाते एका बाजूला सरके, काप तिरका जाई. गाइडची बेअरिंगे पुन:पुन्हा जुळवली. अखेर यंत्र खोलण्यापूर्वी काढलेले एक छायाचित्र पाहिले. ते ओरखडे नव्हतेच. कुणा कारागिराने ताणासाठी केलेल्या खुणा होत्या. छायाचित्रावरून अंदाजाने स्क्रू तिथवर आणला आणि काप सरळ आला. छायाचित्राच्या चौकटीबाहेर आणखी काय होते, ते आता कळायचे नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ह्यात अनोळखी असे काही नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते उपकार मोठेच. पण त्यांनी बाजूला ठेवलेल्या पाठांची टिपणे आपल्या हाती नाहीत. सोळाव्या शतकाकडून पाठचिकित्सेची अपेक्षा करणे अन्यायाचे. माझ्याकडे मात्र कॅमेरा होता, आणि वर्गात पाठभेद शिकवण्याचा अनुभवही.

म्हणून जे आहे ते तसेच ठेवावे, ह्या पंथाचाही मी नाही. विरलेल्या वायरी जपण्यात भक्ती नसून बेपर्वाई आहे, आणि बोटे गमावून मूळ संहितेशी निष्ठा राखता येत नाही. ह्या यंत्राच्या पात्यावर आवरण नव्हते. ते मी पत्र्याचे करून बसवले. त्याला मुद्दाम रंग दिलेला नाही. आतल्या बाजूला, पुढच्या मालकाला दिसेल असे, बसवल्याचे साल पंचाने ठोकले आहे. आणि ताणाच्या तीन रेघा, अंदाजाने का होईना, पुन्हा कोरल्या आहेत, शेजारी एका प्रश्नचिन्हासह.